कागद सरळ, चाक वाकडं

पंक्चरवाल्याने चाक काढून जमिनीवर आडवं टाकलं, आतल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, पंक्चरचं राहू द्या. आधी हे बघा. आतून खाल्लाय, तार आली."

बाहेरून तो टायर चांगला दणकट दिसत होता. रोज सकाळी पार्किंगमधून निघताना मी त्याच्याकडे बघायचे, पण उभ्या माणसाला टायरची बाहेरचीच बाजू दिसते. आतली कड बघायची तर स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, उकिडवं बसून, मान वाकडी करावी लागते. दीड वर्षात मी ते एकदाही केलं नव्हतं. आणि मी नोकरी करते एका मशीन शॉपच्या क्वालिटी डिपार्टमेंटला. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत मायक्रॉनच्या चुका काढते.

साताऱ्याहून शिरवळला आठवड्यातले काही दिवस गाडीने जाते. बरोबर दोघी असतात, पेट्रोल वाटून घेतो. गाडी दहा वर्षांची हॅचबॅक, टायर 165/80 आर 14. हा जोड जून 2022 मध्ये टाकला होता आणि पंक्चरवाल्याकडे गेले त्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबर 2023 मध्ये, त्यावर 22 हजार किलोमीटर झाले होते. या काळात गावातल्या एका दुकानात तीनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, करून घेतली होती. तिन्ही वेळा हिरव्या आकड्यांचा छापील कागद मिळाला होता आणि तिन्ही कागद डॅशबोर्डच्या खणात नीट घडी करून ठेवलेले होते. मी ते काढून दाखवले तर पंक्चरवाला हसला. "कागद सरळ आहे मॅडम. चाक नाही."

स्टेपनी चढवून घरी आले. खाल्लेला टायर रिमसकट डिकीत टाकून आणला. तो तिथेच सोडून नवा घेतला असता तर पुढच्या दीड वर्षात नव्याचीही हीच गत झाली असती, एवढं कळत होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर टायर व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवला आणि ट्रेडची, म्हणजे रबरावरच्या नक्षीच्या खोबण्यांची, खोली मोजली. दीड-दोनशे रुपयांत डेप्थ गेज मिळतो, मी कंपनीतला जुना व्हर्निअर वापरला. त्याच्या शेपटीचा दांडा खोबणीत बरोबर उतरतो. डावा पुढचा टायर: बाहेरच्या खोबणीत 5.4 मिमी, मधल्या 4.8, आतल्या 1.1. आतल्या खोबणीच्याही पलीकडे, खांद्यावर, वितभर लांबीचा पट्टा पार गुळगुळीत, त्यात एका ठिकाणी तारा. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, ते 1.6 मिमी उंच असतात आणि ट्रेड त्यांच्या पातळीला आला की टायर संपला. माझा आतल्या बाजूने त्याच्याही खाली गेला होता. उजवा टायर गाडीवरच मोजला: 5.3, 5.0, 4.4. म्हणजे आतून थोडा जास्त, पण डाव्यासारखा नाही.

इथे पहिली शंका मिटली. हवा कमी ठेवून गाडी चालवली की दोन्ही कडा झिजतात आणि मधला भाग शाबूत राहतो. हवा जास्त असली की नेमकं उलटं, मधला पट्टा जातो. माझं एकाच कडेचं होतं. तरी सकाळी गाडी गार असताना उजव्या टायरची हवा तपासली. दारावरच्या पट्टीवर 29 लिहिलंय, माझ्या गेजवर 30 आली. हवेचा दोष नव्हता.

मग उरले दोन संशयित, कॅम्बर आणि टो. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं असणं. टो म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं. आपण चालताना पावलं आत टाकतो किंवा फेंगडी टाकतो, तसं. चाक वरून आत कललेलं असलं तर आतली कड झिजते. चाकाचं तोंड बाहेर असलं, म्हणजे टो-आउट, तरीही आतलीच कड झिजते. दोन्ही वेगळे कसे ओळखायचे? यासाठी हात लागतो. कॅम्बरने झिजलेली कड गुळगुळीत उतरती असते, तासल्यासारखी. टोने झिजताना टायर रस्त्यावर सतत तिरका घासटत जातो, त्यामुळे ट्रेडच्या प्रत्येक पट्टीची एक कड गोल होते आणि दुसरी धारदार राहते, करवतीच्या दात्यासारखी. तळहात ट्रेडवरून आडवा फिरवायचा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने हात घसरतो, दुसऱ्या दिशेने अडतो. आत येताना अडला तर टो-आउट, बाहेर जाताना अडला तर टो-इन. (ज्या भागात तारा निघाल्यात तिथे हात फिरवू नका. माझ्या करंगळीवर अजून खूण आहे.)

माझा हात बाहेरून आत येताना अडत होता. अगदी स्पष्ट. टायर सांगत होता टो-आउट, कागद सांगत होता टो बरोबर.

दोरी लावून घरी अलाइनमेंट तपासता येते हे मला माहीत होतं. वाटलं, रविवारची एक सकाळ. माझे तीन रविवार गेले.

माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं गवंडीकाम करत होते. गाडी त्यांना चालवता येत नाही, पण "सरळ" या शब्दावर त्यांचा हक्क आहे असं ते मानतात. मी सुतळीचा गुंडा घेऊन खाली निघाले तर म्हणाले, "सुतळीनं काय मोजणार? ती ताणली की लांबती." मग त्यांच्या जुन्या थैलीतून नायलॉनची लाइनदोरी, ओळंबा आणि लेव्हल पाइप निघाला. निवृत्तीनंतर हात न लागलेली थैली. ओळंब्याच्या दोरीला अजून सिमेंट चिकटलेलं होतं.

त्यांनी पहिलंच विचारलं, "जमीन लेव्हलला आहे का?" मी म्हटलं, पार्किंग आहे, सपाटच की. त्यांनी काही न बोलता लेव्हल पाइपमध्ये पाणी भरलं, बुडबुडे काढायला बराच वेळ घेतला आणि चार चाकांच्या जागी चार खुणा केल्या. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला उतार दिलेलाच असतो. डाव्या चाकांची जागा उजव्यापेक्षा 8 मिमी खाली होती. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटरच्या आसपास. तेवढ्यात 8 मिमी म्हणजे 0.3 अंश. टोला याने फारसं बिघडत नाही, पण कॅम्बर मोजायचा असेल तर एक चाक तेवढंच आत आणि दुसरं तेवढंच बाहेर कललेलं दिसणार. उरलेल्या विट्रिफाइड फरशीची जाडी नेमकी 8 मिमी निघाली. मी फरशी टाकली, गाडी चढवली, काडकन आवाज आला. "खाली पोकळ ठेवलीस तर फुटणारच," अण्णा म्हणाले, आणि दुसरी फरशी त्यांनी बारीक वाळू चाळून, बसवून, ठोकून घातली. ती आजही शाबूत आहे.

पहिल्या रविवारची माझी चूक सांगते, कारण ती बहुतेकांकडून होत असणार. मी आधी गाडी जॅकवर घेऊन चाकं हलवून बघितली, मग खाली उतरवली आणि लगेच मोजायला बसले. आकडे आले भलतेच: डावं चाक 5 मिमी आत वळलेलं, उजवं 4. म्हणजे टायर सांगत होता त्याच्या उलट, आणि इतकं की गाडी सरळ चालायलाच नको. गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात आणि आपली जागा सोडतात. खाली टेकवली की टायर जमिनीला घट्ट धरतो, चाक परत मूळ जागी येतच नाही. गाडी चार-पाच मीटर पुढेमागे ढकलली आणि पुन्हा मोजलं तर सगळं बदललं. तो दिवस वायाच.

पुढच्या चाकांखाली काहीतरी घसरणारं हवं, म्हणजे ती आपोआप मोकळी होऊन बसतात. दुकानात त्यासाठी फिरत्या थाळ्या असतात. मी फ्लेक्स वापरला. आमच्या चौकात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. उतरवलेल्या फ्लेक्सचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस, त्यावर चाक. भावी कुणाच्या तरी चेहऱ्यावर माझं डावं चाक बसलं, उजवं हार्दिक शुभेच्छांवर. गाडीच्या नाकावर चार वेळा जोरात दाब दिला की चाकं सर्रकन आपल्या जागी जातात, ते डोळ्यांनी दिसतं.

आता दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढपासून मागपर्यंत एकेक दोरी ताणायची. मी रंगाचे चार रिकामे डबे वाळूने भरले आणि त्यांना दोऱ्या बांधल्या. दोरीला मध्ये थोडा झोळ पडतो, त्याची काळजी नको. आपण आडवं अंतर मोजतो, उभं नाही. काळजी आहे ती दोऱ्या गाडीला समांतर असण्याची. इथे मी अर्धा तास अडकले, कारण मला वाटत होतं की पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून दोरी सारख्याच अंतरावर हवी. तसं केलं तर चुकतं. बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर एकसारखं नसतं. माझ्या गाडीत दर बाजूला 5 मिमीचा फरक निघाला. तेव्हा पुढची डावी-उजवी जोडी आपसात सारखी हवी, मागची डावी-उजवी आपसात सारखी हवी, आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर गाडीच्या पुढे आणि मागे एकच हवं. एक डबा हलवला की बाकी तिन्ही बिघडतात. अण्णांनी हे दहा मिनिटांत जुळवलं. "खोलीचा काटकोन काढताना हेच करतो की आम्ही," एवढंच म्हणाले.

स्टेअरिंग सरळ करून सीटला दोरीने बांधलं. मग स्टीलच्या पट्टीने दोरीपासून रिमच्या पुढच्या काठापर्यंत आणि मागच्या काठापर्यंतचं अंतर. पट्टी दोरीला टेकवायची नाही, टेकली की दोरी सरकते. पुढचा काठ दोरीपासून जास्त लांब असेल तर चाकाचं तोंड आत, म्हणजे टो-इन. टायरवरून मोजू नये, त्याची भिंत फुगलेली असते. रिमही वाकडी असू शकते. म्हणून एकदा मोजून गाडी चाकाचा अर्धा फेरा पुढे ढकलायची, पुन्हा सगळं मोजायचं आणि सरासरी काढायची. माझी उजवी रिम 1 मिमी वाकडी निघाली, कुठल्या खड्ड्याची देणगी आहे ते ठाऊक नाही.

प्रत्येक माप तीनदा घेतलं. नोकरीची सवय.

डावं चाक: पुढे 81.5, मागे 81.0. उजवं: पुढे 81.5, मागे 81.5. म्हणजे दोन्ही मिळून अर्धा मिमी टो-इन. माझ्या गाडीचं माप शून्य, 1 मिमी इकडे किंवा तिकडे. सगळं बरोबर होतं. मी खरं तर त्या दुकानदाराला मनातल्या मनात बरंच काही बोलून झाले होते. ते सगळं परत घ्यावं लागलं. त्याचा कागद खोटा नव्हता.

कॅम्बर ओळंब्याने पाहिला. ओळंबा चाकासमोर टांगायचा, तो स्थिर व्हायची वाट बघायची आणि दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या काठाचं अंतर मोजायचं. चौदा इंची रिम म्हणतात, पण काठापासून काठापर्यंत ती जवळजवळ 38.5 सेमी भरते. तेवढ्यावर 1 अंश म्हणजे साधारण 6.7 मिमी. डाव्याचा वरचा काठ 4 मिमी आत, उजव्याचा 3. म्हणजे अर्ध्या अंशाच्या आसपास. एवढ्याने 22 हजारांत तारा बाहेर येत नाहीत. फोनमधल्या कोन मोजायच्या ॲपनेही बघितलं, पण ते दर वेळी वेगळं सांगत होतं. ओळंबा एकच उत्तर देतो.

मी दोऱ्या गुंडाळायला लागले. अण्णा डब्यावर बसून गाडीकडे बघत होते. म्हणाले, "उभ्या भिंतीला ओळंबा लावला तर भिंत सरळ दिसती. वर स्लॅबचं वजन आल्यावर काय होतंय ते वेगळं."

मला आणेवाडीचा टोलनाका आठवला. तिथे ब्रेक लावला की स्टेअरिंग हलकेच डावीकडे ओढायचं. मी ते रस्त्याच्या उतारावर ढकललं होतं. आपण डावीकडून चालवतो आणि रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे सगळ्याच गाड्या थोड्या डावीकडे जातात. शिवाय सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर एक बारीक "टक" यायचा. शिरवळला जाताना तेव्हा खंबाटकीचा बोगदा लागायचा, त्यात फारसं जाणवायचं नाही. येताना घाट लागायचा, आणि घाट संपताना वेळे गावाच्या बाजूला उतरताना ब्रेकवर पाय असायचाच. तेव्हा ओढ जास्त जाणवायची. हे सगळं मला माहीत होतं, पण मी ते टायरशी जोडलं नव्हतं.

उभ्या गाडीत टो बरोबर आणि ब्रेक लागला की बिघडतो, असं असेल तर? हे घरी कसं मोजायचं?

तिसऱ्या रविवारी फ्लेक्स काढून टाकले. अण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ब्रेक कुठला ते दोनदा दाखवलं, "मधला, मधला" असा त्यांनी जप केला. मी आणि वॉचमन काकांनी गाडी पुढे ढकलली आणि मी ओरडल्यावर अण्णांनी ब्रेक दाबला. पाय तसाच दाबून ठेवायचा. ब्रेकने पुढची चाकं जागीच थांबतात आणि गाडी पुढे जायला बघते. म्हणजे चाक गाडीच्या हिशेबाने मागे रेटलं जातं, रस्त्यावर होतं तसंच. त्या स्थितीत दोऱ्या जुळवून मोजलं. मग गाडी मागे ढकलून ब्रेक, पुन्हा दोऱ्या, पुन्हा मोजणी. यात दोन तास गेले आणि अण्णांच्या पायाला गोळा आला.

उजवं चाक दोन्ही वेळा अर्ध्या मिमीच्या आत राहिलं. डावं मात्र पुढे ढकलून ब्रेक लावल्यावर अडीच मिमी टो-आउट झालं आणि मागे ढकलल्यावर 1 मिमी टो-इन. एकाच चाकाला, कुणी पाना न लावता, साडेतीन मिमीचा फरक. ते चाक दाराच्या सैल बिजागरीसारखं झुलत होतं. मशीनवर गाडी शांत उभी असते, तेव्हा ते मधोमध येऊन गुणी मुलासारखं उभं राहत होतं आणि कागद हिरवा येत होता.

पुढचं काम सोपं होतं. मागच्या चाकांना दगड लावले, डावी बाजू जॅकवर घेऊन खाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, दिली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं, खेळ नाही, म्हणजे टायरॉडची, स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याची, टोकं ठीक. वर-खाली धरून हलवलं, खेळ नाही, म्हणजे बेअरिंग आणि बॉलजॉइंट ठीक. मग लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, जिथे चेसिसला बसतो तिथे, मागच्या रबरी बुशपाशी, टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटली. आर्म पाच-सहा मिमी सरकला आणि परत आला. टॉर्च मारून पाहिलं तर बुशाचं रबर अर्ध्या गोलाईत फाटलेलं, भेगेत माती बसलेली.

नुसतं चाक हलवून हा दोष सापडत नाही. पण अलाइनमेंट करण्याआधी खालचे सांधे टॉमीने रेटून बघायला पाच मिनिटं लागतात, आणि तीनपैकी एकाही वेळी कुणी गाडीखाली पाहिलं नव्हतं. मीही कधी "आधी खेळ बघा" असं म्हटलं नव्हतं. आता म्हणते. त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच दुकान कळतं.

आर्म बदलायचं काम मी गल्लीतल्या मेकॅनिककडून करून घेतलं. नुसता बुश लेथवाल्याकडे दाबून घेता येतो, खर्च निम्म्याहून कमी. पण दहा वर्षांची गाडी, बॉलजॉइंटही तेवढाच जुना, म्हणून दोन्ही बाजूंचे आर्म पूर्ण घेतले. जोडीचे 3,600 आणि मजुरी 800. एका गोष्टीवर मात्र अडून बसले: आर्मचे बोल्ट आधी नुसते अडकवायचे आणि गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे. चाक लोंबत असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक म्हणाला, "माहिती आहे ताई, पण खड्डा नाय ना माझ्याकडे." मग दोन्ही पुढची चाकं फळ्यांवर चढवली आणि त्याने आडवं पडून आवळले.

आर्म बदलल्यावर टो बिघडणारच. दोरीने मोजलं तर दोन्ही मिळून 3 मिमी बाहेर. टायरॉडची लांबी पक्की धरणारा चेकनट गंजून बसलेला, रात्रभर तेल टाकून ठेवलं तेव्हा सकाळी सुटला. स्टेअरिंग रॅकच्या रबरी बेलोची, म्हणजे घड्यांच्या आवरणाची, क्लिप सैल करायला विसरू नका, नाहीतर रॉडबरोबर बेलोही पिळला जातो. माझ्या गाडीत रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहे, म्हणून रॉड लांबवला की टो-इन. मी पहिल्यांदा उलटा फिरवला आणि 3 चे 4 झाले. पाव फेऱ्याला रिमवर साधारण 1 मिमी फरक पडतो हे तेवढ्यातून कळलं. मग दोन्हीकडे सारखं फिरवत गेले, एकाच बाजूला सगळं फिरवलं तर टो बरोबर येतो पण स्टेअरिंग वाकडं राहतं. शेवटी अर्धा मिमी टो-इनवर आणून चेकनट आवळला, आवळताना रॉड फिरतो म्हणून पुन्हा मोजलं.

आणि मग मी दुकानात गेले. हो, त्याच. घरची दोरी आणि मशीन किती जुळतात ते बघायचं होतं. माझा अर्धा मिमी म्हणजे हिशेबाने 0.07 अंश. पडद्यावर 0.06 आला. तिथला मुलगा म्हणाला, "याला काही करायला नको, परफेक्ट आहे. कुठे केली?" मी म्हटलं, पार्किंगमध्ये. त्याला ते विनोदी वाटलं. बॅलन्सिंग करून घेतलं आणि अलाइनमेंटचेही पैसे देऊन आले, कारण मशीनवर गाडी लावली होतीच.

एक उपकथा राहून गेली. मागचा उजवा टायर हाताला लाटांसारखा लागतो, एक खळगा, एक उंचवटा, असं गोलभर. साठच्या वेगाला येणारी घूंऽ मी बेअरिंगची समजत होते, ती याची. डिकीचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. माझी दोन-अडीच झोके घेते. शॉकअब्सॉर्बर गेलेत. ते जोडीने बदलायचे आहेत, बोनस झाल्यावर. मागची चाकं माझ्या गाडीत मुळात ॲडजस्ट होतच नाहीत, तेव्हा मागच्या झिजेला अलाइनमेंटचं औषध नाही, कुणी सांगितलं तरी.

डिसेंबरमध्ये दोन नवे टायर घेतले. टायरवाला म्हणाला नवे मागे टाका, पावसात मागचं चाक सुटलं तर गाडी सावरत नाही. बरोबर आहे त्याचं. पण पावसाळ्याला सहा महिने होते आणि मला पुढच्या चाकांची झीज बघायची होती, म्हणून पुढेच टाकले आणि जूनच्या आधी मागे नेले. मे 2024 मध्ये, 7 हजार किलोमीटरनंतर, स्टेअरिंग पूर्ण वळवून, उकिडवं बसून मोजलं. डावा: बाहेर 6.9, मध्ये 7.0, आत 7.0. उजवा: 6.7, 7.0, 7.0. उजव्याची बाहेरची कड 0.3 मिमीने मागे आहे. अण्णांचं म्हणणं घाटातल्या वळणांवर ती घासते. मला ती 1 मिमीची वाकडी रिम संशयास्पद वाटते. फरशी आणि वाळू तशीच ठेवली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा विचारलंय ती कधी हलवणार म्हणून.